अर्ध्या नाण्यावरचं गाव

माझ्या बायकोच्या हातची एकोणीस पाकिटं घरात आहेत. जाड पांढऱ्या कागदाची, तळहातात मावतील एवढी. प्रत्येकात एक चांदीचं नाणं आणि वर हिच्या अक्षरात इंग्रजीत दोन ओळी. पहिल्या ओळीत ते नाणं पाडणाऱ्याचं नाव, दुसरीत ज्या गावच्या टांकसाळीत पाडलं त्या गावाचं. अठरा पाकिटांबद्दल माझं काही म्हणणं नाही. एकोणिसाव्यावर 'लिंकन' लिहिलंय. अक्षर हिचं, पण बोलणं माझं. हिने आधी दुसरं गाव लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. आणि मग ही गेली. खोडायला लावलं ते बरोबर होतं की चूक, हे मला वर्षभर आतून कुरतडत होतं.

सातवीत शाळा सोडलेल्या पुण्याच्या म्हाताऱ्याला इंग्लंडच्या आठशे वर्षं जुन्या नाण्यांचं काय पडलंय, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं. पण मी जन्मभर डाय, म्हणजे ठसे, खोदले. नाना पेठेत एका कारखान्यात शाळांचे बिल्ले, खेळांची पदकं, बँडवाल्यांच्या टोपीवरचे मोर, असलं सगळं. पोलादाच्या ठोकळ्यात चित्र उलटं खोदायचं, मग ठोकळा लाल तापवून तेलात बुडवायचा. त्याला आम्ही पाणी देणं म्हणतो. पाणी कमी पडलं तर डाय दबतो, जास्त झालं तर तडकतो. त्यावर पत्रा ठेवून ठोका दिला की बिल्ला तयार. नाण्याचंही तेच. तेव्हा तर यंत्रं नव्हती, हातोड्यानेच पाडायचे.

बायको मॅट्रिक पास, पहिल्या फटक्यात. आमच्या चाळीत तेव्हा तेवढी शिकलेली बाई दुसरी नव्हती. लाइटबिल ही वाचायची, मुलाची शाळा ही बघायची, बँकेत गेलो तर फॉर्म ही भरायची आणि मी खाली सही करायचो. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं सांगायचं तर वाटायचं. डायच्या बाबतीत मात्र ही एक शब्द बोलायची नाही. घरात तेवढी एकच जागा माझी होती.

मुलगा इथे सिंगापूरला रॅफल्स प्लेसला बँकेत आहे आणि सून पाया लेबार भागात नोकरीला. घर तिथून दोन स्टेशनं पुढे, नवव्या मजल्यावर. आम्हाला त्याने बोलावून घेतलं तेव्हा कारखाना बंद पडून मला बरीच वर्षं झाली होती. सकाळी आठला दोघं एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, निघून गेले की फ्लॅटमध्ये आम्ही दोघं आणि पंखा. टीव्हीवरचं काही कळायचं नाही. ही पेपर वाचायची, मी हिच्याकडे बघत बसायचो, आणि मग ही म्हणायची, "अहो, माझ्या तोंडाकडे काय बघताय, कुठेतरी घेऊन चला."

म्हणून निघायचो. एकदा सिटी हॉल स्टेशनजवळ उन्हाने जीव नको झाला, तेव्हा गारव्यासाठी एका जुन्या शॉपिंग सेंटरात शिरलो. दुसऱ्या मजल्यावर घड्याळवाल्याच्या शेजारी जुन्या नाण्यांचं एक लहानसं दुकान होतं. दुकानदार चिनी, माझ्याच वयाचा, बनियनवर शर्ट उघडा टाकून बसलेला. इथे म्हाताऱ्या माणसाला सगळे अंकल म्हणतात. तो मला अंकल म्हणाला, मी त्याला अंकल म्हणालो, ते आजवर तसंच आहे. ही म्हणायची, "कोण कोणाचा पुतण्या ते एकदा ठरवून घ्या."

त्याच्या काचेखालच्या एका नाण्यावर हिने बोट ठेवलं.

"अहो, ही रांगोळी बघा. चार कोपऱ्यांत चार-चार ठिपके."

"रांगोळी कसली? क्रूस आहे तो. ख्रिश्चनांचं नाणं आहे."

"असू दे की. ठिपके तर मोजून काढलेत ना? मग रांगोळीच ती."

"हाताने एक-एक ठिपका मारलाय," मी भिंगातून बघून म्हटलं. "हा चौथा खाली गेलाय. कारागिराचा हात थकला होता."

ही माझ्याकडे बघत राहिली. मी एवढं बोललो नव्हतो बऱ्याच दिवसांत. अंकल म्हणाला, "यू टू फाइट इन माय शॉप, मस्ट बाय लाह." हिने घेतलं.

त्या नाण्यापासून आमच्या सकाळी बदलल्या. दोघं कामाला गेले की जेवणाच्या टेबलावर खिडकीशी बसायचं. नाण्याचा छापा म्हणजे राजाचं तोंड. ते बघून हसू यायचं, दाढीचे केस म्हणून नुसते टिंब, डोळे बटाट्यासारखे. कामाची बाजू काट्याची. क्रुसाभोवती गोल अक्षरं असतात. आधी नाणं पाडणाऱ्याचं नाव, मग 'ऑन', म्हणजे अमक्या गावी, मग गावाचं नाव, तेही अर्धंमुर्धं. काही अक्षरं झिजलेली, काही ठोका तिरका बसल्यामुळे उमटलेलीच नाहीत. मुलाने ऑफिसातून कागद छापून आणले होते. कुठल्या गावात कोणकोण नाणी पाडायचं त्याची यादी. ही कागद बघायची, मी नाणं.

मी अक्षर वाचत नाही, ठोका बघतो. दोन-तीन नाणी हाताखालून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या लोकांनी अक्षरं कोरलेलीच नाहीत. एक सरळ रेघेचा पंच, म्हणजे टोकाला आकार असलेला ठोकायचा खिळा, एक अर्ध्या चंद्राचा आणि एक पाचरीचा. तेवढ्या तीनचारावर सगळी अक्षरं जुळवली होती. दोन चंद्र समोरासमोर ठेवले की ओ. मी हे हिला सांगितलं तर ही टाळ्या वाजवायला लागली, लहान मुलीसारखी. मग ही म्हणायची, "इथे काय मारलंय?" मी सांगायचो, "रेघ, मग पाचर, मग रेघ." ही कागदावर मांडायची, यादीत बोट फिरवायची आणि म्हणायची, "कँटरबरी." पुण्यात चाळीस वर्षं संसार केला, पण दोघांनी मिळून एक काम केलं ते इथे, सत्तरी गाठल्यावर.

कारागिराचं नाव नाण्यावर असतं याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. मी लाखांनी बिल्ले पाडले, एकावर माझं नाव नाही. हिला तसं म्हटलं तर ही कागदात बघून म्हणाली, "अहो, मानासाठी नाहीये ते. चांदीत खोट निघाली तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून आहे. हात तोडायचे म्हणे."

"मग बरं झालं बिल्ल्यावर नाव नव्हतं."

"का? तुम्ही कुठे खोट केलीत?"

"गणपती मंडळाच्या पदकांत. पितळ आहे म्हणून दिलं, पितळ नव्हतं."

ही एवढी हसली की ठसका लागला.

आमचा एक नियम होता. गाव सापडलं की ही पाकिटावर आधी पेन्सिलने लिहायची. दोघांचं पटलं तरच शाई. कधीकधी एक नाणं आठवडाभर पेन्सिलवर असायचं. सून विचारायची, "आई, काय ठरलं?" ही म्हणायची, "कोर्टात आहे अजून."

एकोणिसावं नाणं अर्धं होतं. त्या काळी सुट्या पैशांची अडचण, म्हणून माणसं नाणंच क्रुसावरून कापून अर्धं करायची. त्याची कडही कातरलेली. त्यावर सहाच खुणा होत्या. ए, एन. मग 'ऑन'ची दोन अक्षरं. मग पुन्हा एन. आणि शेवटी, अगदी कापलेल्या कडेला, एक उभी रेघ. ए, एन म्हणजे कारागिराच्या नावाची शेपटी. यादीत बघितलं तर तशी शेपटी असलेलं एकच नाव दोन गावांत होतं, लिंकनला आणि नॉरिचला. लिंकनचं नाव आता एलने सुरू होत असलं तरी त्या वेळी एन आणि आय असं सुरू करायचे, नॉरिचचं एन आणि ओ असं. म्हणजे सगळं त्या एका रेघेवर आलं.

हिने पेन्सिलने नॉरिच लिहिलं. मी भिंग लावलं.

"आय आहे. सरळ उभी रेघ. लिंकन लिही."

"अहो, पण ही रेघ बाकीच्या रेघांसारखी नाहीये. खाली बारीक होत गेलीय. काचेला जाते तशी चीर वाटते मला. आणि डावीकडे जरा गोलाई आहे, बघा ना. ओ असेल."

"गोलाईबिलाई काही नाही. झिजलंय ते."

"उजेड आडवा घेऊन बघा एकदा."

"मला डाय शिकवू नकोस," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. "जाळं आलंय तुझ्या डोळ्यांत. तुला काय दिसणार? फॉर्म भरायचे तेवढे भर."

हिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती तेव्हा. घाबरली होती त्याला. ते मला माहीत होतं.

हिने पाकीट पुढ्यात ओढलं. मग "बरं" म्हणाली, खोडरबर घेतलं, नॉरिच खोडलं आणि लिंकन लिहिलं. पेन्सिलने नाही, सरळ शाईने. माझं पटलं होतं, हिचं पटलं नव्हतं, तरी शाई. मी बघत होतो.  जिंकल्यासारखं वाटलं मला, आणि ते वाटलं याचीच आता लाज वाटते.

एरवी ही गोष्ट सोडणारी नव्हती. आमच्या लग्नात माझ्या आत्याने हिच्या आईला काय ऐकवलं ते हिने मला मुलाच्या लग्नात ऐकवलं होतं. पण ह्या नाण्याचा विषय हिने पुन्हा काढला नाही. डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं. मला वाटलं, आता स्वच्छ दिसतंय तर ते पाकीट काढेल आणि भांडेल. नाही काढलं. मीही नाही काढलं. त्यानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, जरा पाणी द्या," आणि स्वयंपाकघरात खाली बसली. मी पेला घेऊन आलो तोवर संपलं होतं. मुलगा रॅफल्स प्लेसहून येईपर्यंत मी हिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. इथल्या स्मशानाच्या जागेला मंडाई म्हणतात. ती पाटी वाचली की मला अजून आमच्या मंडईतली ही दिसते, वांगी दाबून बघणारी.

पाकिटांचा डबा मी वर्षभर उघडला नाही. गेल्या महिन्यात अंकलने सुनेच्या फोनवर निरोप धाडला. नाणी जमवणाऱ्या लोकांनी कम्युनिटी क्लबमध्ये रविवारी टेबलं मांडायची ठरवली आहेत, आंटीची पाकिटं मांडायला द्या, अशी हाताने लिहिलेली पाकिटं हल्ली कोणी करत नाही. सून म्हणाली, "बाबा, द्या ना. आईंना किती आवडलं असतं."

"चूक निघाली तर?"

"कसली चूक?"

 डबा पिशवीत घातला आणि एकटाच एमआरटीने गेलो. हिच्याशिवाय सिटी हॉलला उतरायची पहिलीच वेळ होती माझी.

अंकल उठून बाहेर आला. माझा हात धरून उभा राहिला.  मग त्याने कॉम्प्युटर लावला. प्रत्येक पाकीट वाचून त्याप्रमाणे छापील कार्डं करायची होती टेबलासाठी. तो एक-एक टाइप करत होता, मी रिकामा. समोर नाण्यांचा ट्रे होता. भिंग माझ्या खिशात असतंच. बघत बसलो.

चौथं की पाचवं नाणं उचललं आणि माझा हात थांबला. ते अख्खं होतं. नाव मी वाचलं नाही. एनचा ठोका बघितला. त्याच्या डाव्या पायाचा कोपरा तुटका. पंचाचं टोक मोडलेलं असलं की तसं उमटतं. क्रुसाच्या एका कोपऱ्यातला एक ठिपका बाजूला सरकलेला. हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. अर्धं नाणं पाकिटातून काढून शेजारी ठेवलं. ठिपका तोच, एन तोच, मधलं अंतरही तेच. दोन्ही एकाच डायवरची. ह्यात मी चुकत नाही.

मग ती रेघ बघितली. अख्ख्या नाण्यावर ती कडेला असते त्या दाण्यांच्या वर्तुळातून सुरू होत होती, अक्षराच्या अंगावरून जात होती आणि आत क्रुसाला जाऊन भिडत होती, बारीक होत होत. अक्षर कधी दाण्यांतून जात नाही. तो तडा होता. डाय तडकला की नाण्यावर तडा उठून येतो, उभ्या रेघेसारखा. आमच्या अर्ध्याची कड कातरलेली, म्हणून तो कुठून येतो ते दिसत नव्हतं. आणि तड्याच्या डावीकडे, एनच्या लगेच पुढे, दोन चंद्र समोरासमोर. ओ. त्यापुढे नॉरिचची बाकीची अक्षरं, कोणीही वाचावीत अशी.

तडकलेले डाय मी कमी बघितलेत? पाणी चुकलं की मीच शिव्या खायचो. आणि तडा मला दिसला नाही. हिला दिसला, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी. कारण ही बघत होती. मी आधीच ठरवून बसलो होतो.

अंकल तोवर शेवटच्या पाकिटावर आला होता. "लिंकन," तो वाचत म्हणाला आणि टाइप करायला लागला. दुकानात आम्ही दोघंच. ती दोन्ही नाणी एका डायची आहेत हे त्याला माहीत नव्हतं. मी अर्धं पाकिटात सारलं असतं, अख्खं ट्रेमध्ये ठेवलं असतं, तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. तसं करायला माझा हात गेलाही होता.

"अंकल, स्टॉप," मी म्हटलं.

"व्हॉट हॅपन?"

"राँग. नॉट लिंकन. नॉरिच."

दोन्ही नाणी त्याच्यापुढे ठेवली. नखाने एन दाखवला, ठिपका दाखवला, तडा दाखवला. इंग्रजीत तडा कसा सांगायचा ते येईना, तेव्हा त्याच्या टेबलाच्या काचेला गेलेल्या चिरेवर बोट ठेवलं. त्याने बराच वेळ भिंगातून बघितलं.

"वा," तो म्हणाला. "यू गुड, अंकल."

"नो. वाइफ गुड. वाइफ से नॉरिच."

तो पाकिटावरच्या शाईकडे बघत राहिला. "देन व्हाय शी राइट लिंकन?"

हा प्रश्न मला वर्षभर कोणी विचारला नव्हता. मुलाने नाही, सुनेने नाही, कारण त्यांना माहीतच नाही असं मी धरून चाललो होतो. माझ्याकडे इंग्रजी थोडं आहे. मराठीत विचारलं असतं तर मी काहीतरी फिरवून बोललो असतो.

"आय शाउट," मी म्हटलं. "शी राइट."

अंकलने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. घड्याळवाल्याच्या दुकानातून टिकटिक येत होती. मग तो म्हणाला, "माय वाइफ स्टिल अलाइव्ह. प्लीज डोंट टेल हर धिस स्टोरी." मी हसलो आणि हसता हसता माझ्या डोळ्यांना पाणी आलं. त्याने कागदी रुमालांचं पाकीट पुढे सरकवलं आणि कॉम्प्युटरकडे तोंड केलं. बराच वेळ त्याला तिथे काहीतरी काम होतं.

नंतर तो म्हणाला, नवीन पाकीट देतो, आपण छापून लावू. मी नको म्हटलं. हिचं अक्षर फेकायचं नव्हतं. मी त्याच्याकडून पेन घेतलं, लिंकनवर एक आडवी रेघ ओढली आणि खाली नॉरिच लिहिलं. स्पेलिंग त्याने एक-एक अक्षर सांगितलं. सात अक्षरं लिहायला मला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. डब्ल्यू फारच वाकडा आला.

घरी येऊन मुलाला आणि सुनेला जेवताना सगळं सांगितलं. ओरडलो तेही सांगितलं. मुलगा ताटाकडे बघत होता. "आई मला म्हणाली होती," तो म्हणाला. "डोळ्यांच्या ऑपरेशननंतर. म्हणाली, मला आता चांगलं दिसतंय, तो ओच आहे. मी म्हटलं, मग बाबांना सांग. तर म्हणाली, राहू दे, त्यांचं तेवढं एकच आहे."



रविवारी मी सकाळपासून कम्युनिटी क्लबमध्ये होतो. सुनेने इस्त्रीचा शर्ट घालायला लावला होता. टेबलावर पांढरं कापड, त्यावर हिची एकोणीस पाकिटं, आणि अंकलने ते अख्खं नाणंही अर्ध्याच्या शेजारी ठेवलं होतं. माणसं येत होती, बघत होती, पुढे जात होती. जास्त गर्दी पलीकडे जुन्या नोटांशी होती. कोणी आमच्या अर्ध्याशी थांबलं की मी सांगायचो, "वाइफ राइट. मी राँग." काहीजण हसायचे. एका पोरीने खोडलेल्या शब्दाचा फोटो काढला.

दुपारी पन्नाशीची एक बाई आली, आपल्याकडची, मराठीच निघाली. तिने सगळी पाकिटं वाचली, सावकाश. अर्ध्याशी येऊन थांबली. मी तेच सांगितलं, ह्या वेळी मराठीत.

"कुठे आहेत त्या? भेटायला आवडेल मला."

"गेली ती. वर्ष झालं."

ती ओशाळली. मी भिंग तिच्या हातात दिलं आणि टेबलावरचा दिवा आडवा केला.

"इकडून बघा," मी म्हटलं. "ही उभी रेघ दिसते ना, ती अक्षर नाही, चीर आहे. आता तिच्या डावीकडे बघा. घाई करू नका. दिसेल."